बाटली हलवा, मगच औषध पाजा

"डॉक्टर, औषध चालू आहे, पण बाळाचा ताप उतरत नाही." बाटली उजेडात धरली की तळाशी पांढरा साका दिसतो. पॅरासिटामॉलच्या सस्पेन्शनमध्ये औषध चहातल्या साखरेसारखे विरघळलेले नसते. त्याचे बारीक कण तरंगत असतात. ते लवकर बसू नयेत म्हणून त्यात दाटपणा आणणारा पदार्थ घालतात. बसलेले कण हलवल्यावर पुन्हा सारखे मिसळतात ना, हेही कारखान्यात तपासतात. लेबलवर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम लिहिलेले असले, तरी न हलवता दिल्यास सुरुवातीचे डोस कमी पडतात आणि तळाचे जास्त होतात. जास्त पॅरासिटामॉल यकृताला घातक असते. म्हणून दरवेळी बाटली नीट हलवा, मापानेच द्या. हलवूनही तळाचा थर सुटत नसेल, तर ते औषध वापरू नका. दुकानदाराला परत करा.