नानांच्या मुंबईत एक दिवस

एकतीस वर्षं मी डोंबिवलीहून फोर्टातल्या कचेरीत जात होतो. गाडी बोरीबंदरला लागली की मान खाली घालून धावत सुटायचं, हा रोजचा नेम. वर पाहायला शिकवलं ते माझ्या नातीनं, तेही निवृत्तीनंतर. स्टेशनाच्या दर्शनी भिंतीकडे बोट दाखवून ती म्हणाली, ‘‘आजोबा, हे पगडीवाले कोण?’’ मी निरुत्तर! चौकशी केली तेव्हा कळलं, ते जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट. जी.आय.पी. रेल्वेच्या पहिल्या संचालकांपैकी एक. मग एक दिवस त्यांच्याच मागावर हिंडायचं आम्ही ठरवलं.

सुरुवात अर्थात स्टेशनापासून. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आखलेली ही वास्तू १८७८ ते १८८८ या काळात बांधली गेली. तिच्यावरचं बरंच कोरीवकाम जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केलं. दगडी पानांत दडलेले पशुपक्षी शोधता शोधता आमचा तास गेला.

तिथून पायीच टाऊन हॉल गाठला. १८३३ची इमारत, समोर तीस पायऱ्या. नोकरीत असताना त्या चढायचं धाडस मला कधी झालं नाही. वाटायचं, ही साहेबांची जागा. एके काळी ते खरंही होतं. इथल्या एशियाटिक सोसायटीत पहिला हिंदी सभासद, माणकजी करसेटजी, घेतला गेला तो १८४० साली. आज आत शिरलं की संगमरवरी नाना समोर येतात.

दुपारी लोकलनं भायखळ्याला उतरलो. राणीच्या बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय आहे. ते उभं राहावं म्हणून नाना, भाऊ दाजी आणि जॉर्ज बर्डवूड यांनी खटपट केली, नागरिकांकडून वर्गणी जमवली. १८६२मध्ये पायाभरणी झाली, १८७२मध्ये दारं उघडली. पुढे इमारतीला अवकळा आली. २००३ ते २००८ या काळात तिचं जतनकाम झालं आणि हिरवं-सोनेरी छत पुन्हा झळाळलं. माझी नात मात्र रमली ती निरनिराळ्या जातीजमातींच्या, कारागिरांच्या मातीच्या छोट्या बाहुल्यांपाशी.

परतताना तिनं विचारलं, ‘‘नाना इथे येऊन बसायचे का हो?’’ मी हिशेब केला. नाना गेले १८६५ साली. हे संग्रहालय त्यांनी पाहिलं नाही आणि बोरीबंदरची ती इमारतही नाही. ज्या दारांतून आपल्याला जाता येणार नव्हतं, त्यांसाठी त्या माणसानं पदरमोड केली. आणि मी? ती दारं उघडी असताना एकतीस वर्षं त्यांच्यावरून धावत गेलो.

तेव्हा श्रोतेहो, एक दिवस काढाच. सोबत एखादं लहान मूल असू द्या, कारण प्रश्न तेच विचारतं. निघण्यापूर्वी वेळा विचारून घ्या; संग्रहालय बुधवारी बंद असतं.