हातातलं गणित, वहीतलं गणित

फेब्रुवारी २०२५मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, बालमनाचा अभ्यास करणाऱ्या एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांचे सहकारी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या चौदाशेहून अधिक कामकरी पोरांपर्यंत पोचले होते. गिऱ्हाईक बनून त्यांनी मुद्दाम अडनिडी खरेदी केली. आठशे ग्रॅम हे द्या, त्याचे किती झाले, उरलेले परत करा. पोरांनी तोंडी, चटकन आणि बहुतेक वेळा बरोबर हिशेब केले. तशीच वजाबाकी, तसाच भागाकार कागदावर मांडून दिला तेव्हा मात्र त्यातली पुष्कळ अडखळली. शाळेत जाणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांचं नेमकं उलट झालं. कागदावरचं त्यांना बऱ्यापैकी जमलं, बाजारातला हिशेब जमेना.

यात नवीन ते काय, असं शिरूरच्या बाजारात रोज तराजू धरणारा माणूस म्हणेल. पहिल्या अर्ध्यात नाहीच. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांबद्दल १९८५मध्येच हे लिहून झालं होतं, पण तो अभ्यास होता पाच मुलांचा. शाळेतलं गणितही बाजारात उतरत नाही, हा दुसरा अर्धा भाग जास्त बोचरा. ‘एकदा पाया पक्का झाला की व्यवहार आपोआप येतो’ या समजुतीवर आपली सगळी शाळा उभी आहे.

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले शेजारी तालुके, मधून भीमा. मुलांचा मेंदू आणि गणित म्हटलं की आपल्याला स्टॅनफर्ड आठवतं, पॅरिस आठवतं. पण मूल शिकतं ते कशाने, डोळ्यांनी, कानांनी की हातांनी, हा प्रश्न भीमेच्या या दोन्ही काठांवर सव्वाशे वर्षं विचारला गेला आहे. त्याचा माग काढायचा तर सुरुवात दौंड तालुक्यातल्या केडगावपासून करावी लागते.

पंडिता रमाबाई १८८६मध्ये अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. तिथे त्या रमल्या बालशिक्षणात. फ्रोबेल या जर्मन शिक्षकाची किंडरगार्टन पद्धत त्यांनी फिलाडेल्फियात शिकून घेतली आणि मराठीतून क्रमिक पुस्तकं तयार करायला घेतली. फ्रोबेलच्या साधनांत एक लाकडी घन असतो, आठ छोट्या घनांचा बनलेला. मूल तो मोडतं, पुन्हा जुळवतं. अर्धे म्हणजे चार, पाव म्हणजे दोन, आणि आठही परत नीट बसले तर पूर्ण. ‘अपूर्णांक’ हा शब्द कानावर पडायच्या कितीतरी आधी तो तळहातावर येऊन गेलेला असतो.

मुंबईत १८८९मध्ये रमाबाईंचं शारदा सदन सुरू झालं, पुढे ते पुण्याला आलं, आणि १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी वाचवून आणलेल्या शेकडो मुली-बायका केडगावच्या माळावर आल्या. तिथे उभ्या राहिलेल्या मुक्ती मिशनच्या धार्मिक बाजूवर आपल्याकडे भरपूर वाद झाले. शिक्षणाच्या बाजूकडे त्या मानाने कोणी पाहिलं नाही. विणकाम, तेलघाणा, शेती, छापखाना हे सगळं त्या आवारात बायकांच्या हातांनी चालायचं. आंधळ्या मुलींसाठी ‘बर्तिमी सदन’ होतं आणि तिथे ब्रेल शिकवत. ब्रेलमध्ये अंकांसाठी वेगळ्या खुणा नसतात. पहिल्या दहा अक्षरांच्याच खुणांपुढे एक अंकचिन्ह लावलं की ते अंक होतात. बोटाखालून तीच खूण एकदा अक्षर म्हणून जाते, एकदा आकडा म्हणून. अंक हे चिन्ह आहे आणि त्याचा अर्थ माणसाने ठरवलेला आहे, हे आपल्या डोळस मुलांना आठवीपर्यंत कुणी नीट सांगत नाही.

त्या काळी गावोगावच्या शाळांत मात्र राज्य होतं ते पाठांतराचं. नुसते बे एके बे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, थेट साडेतीनच्या औटकीपर्यंत. आज आपण त्यांना घोकंपट्टी म्हणून नाकं मुरडतो. पण ते पाढे बाजारातूनच शाळेत आलेले होते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, शेराचे अर्धा, पाव, अदपाव. सगळं जग पावपट्टीत कापलेलं. पंतोजी जे घोकून घेत तेच दुकानात लागत होतं. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, पाठोपाठ किलो आणि मीटर आले, आणि हे पाढे शाळेतून हळूहळू गळून गेले. देशाच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. पण पैसा-वजन दशांशात गेलं आणि जीभ पाव-पाऊण-दीडमध्येच राहिली, ती अजून तिथेच आहे.

हातगाडीवरच्या कुठल्याही पोराला विचारा, पेरू चाळीसने, पाऊण किलोचे किती? तीस, हे उत्तर तुमचं वाक्य संपायच्या आत येतं. कसे काढले म्हणाल तर तो सांगेल, अर्ध्याचे वीस, पावाचे दहा. त्याच पोराला वहीत ४० गुणिले ३ छेद ४ लिहून द्या. तो आधी तुमच्याकडे पाहील, मग पेनकडे. त्याने केलं ते हेच होतं, हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं. आणि वर्गातल्या हुशार मुलाला तोच पेरू ‘पाऊण किलो’ म्हणून मागितला तर तो ०.७५ शोधत बसतो. आर्थिक इतिहास लिहिणारे १९५७च्या बदलाची नोंद घेतात. माझ्या मते शिक्षणाच्या इतिहासातही ती तारीख घालायला हवी, कारण शाळेची आणि बाजाराची फारकत तिथून वाढली.

ही फारकत दिसली अशी माणसं सत्तरच्या दशकात महाराष्ट्रात बरीच होती. १९७४मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं आणि त्याची माणसं जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या शाळांपर्यंत गेली. जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांच्या भारतीय शिक्षण संस्थेने पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत, दिवसभर गुरं राखणाऱ्या पोरापोरींसाठी रात्रीचे वर्ग चालवले. तिथे परीक्षेऐवजी बालजत्रा भरे. खेळता खेळता कुणाला काय येतं ते कळे, आणि नापास हा शब्द जत्रेत कुणी उच्चारत नाही.

याच संस्थेच्या छायेखाली १९८३मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम उभा राहिला. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतून पीएच.डी. करून आलेले, हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधक. पन्नाशी उलटल्यावर ती नोकरी सोडून ते आणि मीराताई पाबळला राहायला गेले. पाबळ म्हणजे पावसाच्या भरवशावरचं, कोरडं गाव. आणि गाव निवडताना हाच निकष होता, सोयीचं गाव नकोच. कलबागांचं म्हणणं साधं होतं: खेड्यातलं मूल मठ्ठ नसतं, आपली शिकवण्याची रीत अनैसर्गिक असते. माणसाचा मेंदू काम करता करता शिकायला घडलेला आहे, आपण त्याला बाकावर बसवून ऐकायला लावतो. म्हणून त्यांनी आठवी ते दहावीसाठी आठवड्यातला एक दिवस कामाचा ठेवला. वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती-पशुपालन, घर-आरोग्य. पुढे शालान्त मंडळाने त्याला विषय म्हणून मान्यता दिली आणि राज्यातल्या अनेक शाळांत तो गेला. २००२मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या पुढाकाराने जगभर ज्या ‘फॅब लॅब’ निघाल्या, त्यातली अगदी सुरुवातीची इथे, पाबळला आली. कलबाग २००३मध्ये गेले. काम चालू आहे.

कलबाग हे म्हणत होते तेव्हा मेंदूकडे जिवंतपणी डोकावता येईल अशी यंत्रं नुकती येऊ घातली होती. पुढच्या तीस वर्षांत जे कळत गेलं त्याने त्यांना काही दुजोरा दिला आणि काही अडचणीतही टाकलं. १९९२मध्ये मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी दाखवलं की पाच महिन्यांच्या बाळालाही एक बाहुली आणि आणखी एक बाहुली मिळून पडद्यामागे एकच निघाली तर खटकतं, ते जास्त वेळ टक लावून पाहतं. पॅरिसचे मेंदू-अभ्यासक स्तानिस्लास दहेन आणि इतरांनी मेंदूच्या पार्श्विक भागातली जागा दाखवली, जिथे कमी-जास्त ही जाण बसते. म्हणजे आकड्यांची पूर्वतयारी घेऊनच मूल येतं. बोटांवर मोजणं हा कमीपणा नाही, ती वाट आहे.

पण वाट पुढे जायला हवी. स्टॅनफर्डमध्ये विनोद मेनन यांच्या गटाने सात ते नऊ वर्षांच्या मुलांचे मेंदू साधारण वर्षभराच्या अंतराने दोनदा पाहिले आणि २०१४मध्ये ते प्रसिद्ध केलं. बोटांवर मोजणं सुटून उत्तर थेट आठवू लागतं त्या काळात हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी घडवणारा भाग, जोरात कामाला लागतो. प्रौढांत तो त्यासाठी लागतच नाही, कारण तोवर ‘सात आणि पाच बारा’ मेंदूच्या बाह्यकात कायमचं नोंदलं गेलेलं असतं. त्याच गटाने पुढच्या वर्षी आणखी एक गोष्ट दाखवली. गणितात अडणाऱ्या मुलांना आठ आठवडे एकेकाला वेगळं बसवून शिकवलं, तर त्यांच्या मेंदूतला आधी दिसणारा वेगळेपणा ओसरतो. पाढे म्हणायला लावणारे गुरुजी म्हणूनच सरसकट चुकीचे ठरत नाहीत. पाढे मात्र हाताने केलेल्या मोजणीवर चढायला हवेत, तिच्याऐवजी नव्हेत.

आणि खेळातूनच सगळं येईल म्हणणाऱ्यांसाठी दिल्लीच्या बालवाड्यांतला प्रयोग आहे, २०१७चा. मुलांना संख्येचे, आकारांचे खेळ खेळायला दिले. त्यांची जाण खरोखर तीक्ष्ण झाली, वर्षभर टिकली. पहिलीतलं गणित मात्र त्यामुळे सुधारलं नाही. मुंबईत होमी भाभा केंद्राच्या संशोधकांनी धारावीच्या घरगुती उद्योगांत हात लावणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तिथेही हेच. दुप्पट, निम्मं, मापं, पैसे यांचं भांडार डोक्यात, आणि वर्गात त्यातलं काहीच न वापरलेलं.

महाराष्ट्रात या प्रश्नावर सगळ्यात मोठा गदारोळ झाला तो २०१९मध्ये, दुसरीच्या पुस्तकावरून. त्रेसष्टच्या जोडीला ‘साठ तीन’ असंही वाचू द्यावं, असं बालभारतीच्या गणित समितीने सुचवलं. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर. मराठीत एकक आधी बोलतात आणि दशक आधी लिहितात, त्यामुळे सात वर्षांच्या मुलाला ऐकलेलं उलटं करून लिहावं लागतं. जर्मन मुलांनाही हीच अडचण येते आणि ती तिथे मोजून दाखवलेली आहे. आपल्याकडे मात्र चर्चा भाषेच्या अस्मितेवर गेली आणि विधानसभेत विनोद झाले. नारळीकरबाई शांतपणे कारणं सांगत राहिल्या. ऐकणारे थोडे होते. जुनी नावं मलाही प्रिय आहेत. ती शिकवायचा हट्ट धरणाऱ्यांनी एखाद्या दुसरीच्या वर्गात सकाळभर बसावं, एवढंच.

शाळांच्या बाजूनेही याच काळात हालचाल झाली. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांत फरशीवर रंगवलेल्या संख्यारेषा आणि शंभर मण्यांच्या माळा पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या गेल्या. शिरूर तालुक्यात शिक्रापूरजवळच्या वाबळेवाडीत दत्तात्रय वारे गुरुजींच्या काळात जिल्हा परिषदेची छोटी शाळा लोकवर्गणीतून इतकी वाढली की प्रवेशासाठी रांग लागली. त्यानंतर ते खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले आणि २०२५मध्ये त्या शाळेला जागतिक स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. वाबळेवाडीच्या काचेच्या वर्गांचे फोटो सगळीकडे छापून आले. मला त्यापेक्षा मोलाची वाटते जालिंदरनगरची मुलांनी मुलांना शिकवण्याची रीत. आपण उत्तर कसं काढलं हे दुसऱ्याला सांगावं लागलं की हातातलं शब्दांत यावंच लागतं.

हातातून वहीत नेणारा पूल कसा दिसतो, हे पाहायचं तर पुन्हा पाबळला जावं लागतं. तिथले त्रिकोणी चौकटींचे घुमट प्रसिद्ध आहेत. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर तसे घुमट तिकडेही बांधले गेले. अशा घुमटाचा सोपा प्रकार घ्या. त्यात दोनच लांबीचे तुकडे लागतात, लांब ३५ आणि आखूड ३०. त्रिज्येला ०.६१८ने गुणलं की लांब, ०.५४७ने गुणलं की आखूड. चार मीटर व्यासाचा घुमट हवा तर एक साधारण १२४ सेंटिमीटर, दुसरा १०९. नववीचं पोर हे कापतं, भोकं पाडतं, नट आवळतं. माप चुकलं तर भोक जुळत नाही, शिक्षकाला लाल पेन काढावं लागत नाही.

पण तेवढ्यावर थांबलं तर तो नुसता बाजाराचा हिशेब झाला. इथल्या अभ्यासक्रमात प्रत्येक कामाचं आरेखन करायचं असतं आणि खर्च काढून वहीत लिहायचा असतो: माल किती, मजुरी किती. लोखंडी अँगलची लेंथ सहा मीटरची मिळते. एका लेंथीतून लांब तुकडेच कापले तर चार निघतात आणि मीटरभर भंगारात जातं. आखूडच कापले तर पाच. असं कापत गेलं तर लांबांसाठी नऊ आणि आखुडांसाठी सहा, मिळून पंधरा लेंथी लागतात. तीन लांब आणि दोन आखूड एकत्र कापले तर? ५९० सेंटिमीटर, उरतात फक्त दहा. दोन लांब आणि तीन आखूड, ५७५. आता नऊ लेंथी पहिल्या तऱ्हेने कापा आणि चार दुसऱ्या तऱ्हेने. लांब २७ आणि ८, झाले ३५. आखूड १८ आणि १२, झाले ३०. तेरा लेंथीत काम भागलं. दोन चलांची समीकरणं नववीच्या पुस्तकात असतातच. इथे क्ष म्हणजे पहिल्या तऱ्हेने कापायच्या लेंथी, य म्हणजे दुसऱ्या तऱ्हेच्या, आणि वहीत खाली दोन लेंथींची किंमत वजा करून लिहायची.