समोरच्या खुर्चीत कोण?

डिसेंबर २०१४ मध्ये कॅनडाच्या संसदेने १८७६ पासून चालत आलेल्या, मूलनिवासींसाठीच्या ‘इंडियन अ‍ॅक्ट’मधली दोन कलमं रद्द केली. मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा हे तिथले गव्हाचे प्रांत. तिथल्या राखीव वस्तीवरच्या मूलनिवासी शेतकऱ्याला आपलं धान्य किंवा जनावर बाहेर विकायचं तर सरकारी अधिकाऱ्याचा लेखी परवाना लागायचा, तो या कलमांमुळे. व्यवहारात ती केव्हाच निर्जीव झाली होती. कायद्याच्या पुस्तकात मात्र एकविसाव्या शतकाची चौदा वर्षं उलटेपर्यंत ठाण मांडून होती.

साधारण त्याच सुमारास राजधानी ओटावात जूनमध्ये भरणाऱ्या मूलनिवासींच्या महोत्सवात ‘पाव वाव पिच’ (पाव वाव म्हणजे मूलनिवासींचा नाचगाण्यांचा मेळा) नावाची स्पर्धा सुरू झाली. उद्योजकाने यायचं, आपला धंदा काही मिनिटांत सांगायचा, परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. आवडला तर रोख बक्षीस. परवान्याशिवाय गहू विकू न शकणाऱ्यांची नातवंडं-पतवंडं आता भर मेळ्यात आपला माल आणि त्याची किंमत सांगू लागली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी या दहा-बारा वर्षांचा हिशेब मांडताना मला त्या शेजारी शेजारीच ठेवाव्याशा वाटतात.

स्पर्धा सुरू केली सनशाइन टेनास्को यांनी. क्वेबेकमधल्या किटिगान झिबी या अनिशिनाबे वस्तीतल्या त्या. लहान बाळांच्या मोकॅसिन, म्हणजे मऊ चामड्याचे पारंपरिक जोडे विकण्याचा त्यांचा व्यवसाय होता आणि तो घेऊन त्या ‘ड्रॅगन्स डेन’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात उभ्या राहिल्या होत्या. हा साचा मूळचा जपानी, २००१ चा. तिथून तो ब्रिटनमध्ये गेला, २००६ मध्ये कॅनडात आला आणि ‘शार्क टँक’ नावाने २०२१ च्या अखेरीस आपल्या घरांत शिरला. मालेगावकडचा एक तरुण शेतकरी फवारणीची गाडी घेऊन त्या ‘शार्क’ मंडळींपुढे उभा राहिला, तेव्हा निम्म्या महाराष्ट्राला तो घरचाच वाटला होता. टेनास्को यांनी साचा तोच ठेवला आणि माणसं बदलली. समोर आपले लोक, परीक्षकांतही आपले उद्योजक, आजूबाजूला नाचगाणी आणि वडीलधारी मंडळी. सगळं मर्म या बदलात आहे.

मूलनिवासी उद्योजकांविषयी बोलताना ‘त्यांच्यात आत्मविश्वास कमी’ हे निदान फार लवकर केलं जातं. इतिहास काही वेगळंच सांगतो. १६७० मध्ये स्थापन झालेल्या हडसन्स बे कंपनीशी याच लोकांच्या पूर्वजांनी दोन शतकं फरच्या भावावरून घासाघीस केली. (ती कंपनी २०२५ मध्ये सगळी दुकानं बंद करून बसली, हे लोक आहेत.) पश्चिम किनाऱ्यावर माशाच्या तेलाचा व्यापार डोंगर ओलांडून चाले, त्याच्या वाटा ठरलेल्या होत्या. व्यापाराची बुद्धी होतीच. ती कायद्याने आवळली गेली.

१८८९ मध्ये प्रेअरीतल्या, म्हणजे गव्हाच्या मैदानी प्रदेशातल्या सरकारी आयुक्ताने फर्मान काढलं, की मूलनिवासी शेतकऱ्यांनी यंत्रं वापरू नयेत. कुदळ-विळ्याने, घरापुरती, एखाद-दुसऱ्या गाईची शेती करावी. शेजारचे गोरे शेतकरी तेव्हा कापणीयंत्रं आणत होते. किनाऱ्यावरच्या ‘पॉटलॅच’ सोहळ्यावर १८८५ पासून बंदी होती. त्यात यजमान संपत्ती वाटून आपली पत सिद्ध करत असे. म्हणजे तिथली पतव्यवस्थाच बेकायदा ठरली. १९२७ मध्ये आणखी पुढची पायरी आली. जमिनीच्या दाव्यासाठी वकील करायला सरकारच्या परवानगीशिवाय पैसे जमवणं हाच गुन्हा झाला. या शेवटच्या दोन्ही बंद्या १९५१ मध्ये उठल्या. दरम्यान दीड लाखांच्या आसपास मुलं निवासी शाळांत कोंडली गेली. तिथे आपल्या भाषेत बोललं की शिक्षा व्हायची. यातल्या शेवटच्या शाळा बंद व्हायला १९९० चं दशक उजाडलं. ज्या घरात ‘गप्प बस, नाहीतर मार बसेल’ हा धडा दोन-तीन पिढ्या गिरवला गेला, त्या घरातल्या मुलीने अनोळखी श्रीमंतांपुढे ‘माझा धंदा इतक्या किमतीचा आहे’ असं ठणकावून सांगावं, ही अपेक्षाच मुळात केवढी!

त्यात पैशाचा पेच वेगळा. ‘इंडियन अ‍ॅक्ट’च्याच कलम ८९ मुळे राखीव वस्तीवरची मूलनिवासीची मालमत्ता बाहेरच्या बँकेकडे गहाण ठेवता येत नाही. हेतू संरक्षणाचा आणि तो गरजेचाही. पण बहुतेक छोटे धंदे घर तारण ठेवून सुरू होतात, तो दरवाजा इथे बंद. आपल्या महसूल संहितेतलं कलम ३६अ आदिवासी जमीन बिगरआदिवासीच्या हाती जाऊ नये म्हणून आहे, त्यामुळे संरक्षण आणि भांडवल यांची ही ओढाताण मराठी वाचकाला परकी वाटू नये. कॅनडात १९८० च्या दशकापासून मूलनिवासींच्या स्वतःच्या वित्तसंस्था उभ्या राहत गेल्या. आज त्या पन्नासहून जास्त आहेत. खरा पाया त्यांनी घातला. स्पर्धांचा झगमगाट त्यावर नंतर चढला, हे विसरलं जातं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा हे अल्बर्टाच्या प्रेअरीतल्याच एका खेड्यात जन्मले. ‘हे मला जमेल’ ही भावना येते कुठून, याचा त्यांनी १९७७ मध्ये मांडलेला विचार इथे लागू पडतो. स्वतः करून पाहिल्याने ती येते, आणि आपल्यासारख्याच कुणाला तरी करताना पाहिल्यानेही येते. टीव्हीवरचा कार्यक्रम मूलनिवासी मुलीला यातलं दुसरं क्वचितच देई. मेळ्यातली स्पर्धा ते फुकट देते, आणि तेही भाग न घेणाऱ्यालासुद्धा.

मूलनिवासी उद्योजिका जेन हार्पर यांची गोष्ट याच काळातली. त्यांच्या आजीला निवासी शाळेत जावं लागलं होतं. २०१६ मध्ये त्यांनी ‘चीकबोन ब्यूटी’ ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी काढली आणि २०१९ मध्ये त्या ‘ड्रॅगन्स डेन’वर गेल्या. एका गुंतवणूकदाराने पैशाच्या बदल्यात निम्मी कंपनी मागितली. त्यांनी नकार दिला. त्याच सुमारास ‘रेव्हन’ या मूलनिवासी भांडवलसंस्थेने त्यांच्या कंपनीत गुंतवणूक केली आणि २०२१ मध्ये त्यांचा माल सेफोरा या प्रसाधनविक्रीच्या साखळीच्या कॅनडातल्या दुकानांत गेला. आत्मविश्वास मोजायचा तर मी तो त्या नकारात मोजेन. पण असा नकार देणं परवडण्यासाठी दुसरीकडे उघडं दार असावं लागतं, आणि ते भाषणकला शिकवून उघडत नाही.

या स्पर्धांचं नको इतकं कौतुकही करू नये. पाच मिनिटांत छाप पाडणं हा एक वेगळाच गुण आहे. मोकॅसिन वेळेवर पोहोचवणं, उधारी वसूल करणं, हिशेब ठेवणं हे गुण त्याहून निराळे. शिवाय मंच तटस्थ नसतो. २०१४ च्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात तोच मजकूर पुरुषाच्या आवाजात ऐकवला तेव्हा तो दोन-तृतीयांश लोकांना पसंत पडला, बाईच्या आवाजातला उरलेल्या एक-तृतीयांशांना. आवाजावरून एवढा फरक पडतो, तर बोलीवरून आणि आडनावावरून किती पडत असेल! आणखी एक अडचण आहे. आजीकडून आलेली मणीकामाची नक्षी ‘माझी मालकी’ म्हणून मांडायची कशी? परीक्षक बाहेरचा असेल तर हा प्रश्न त्याला सुचतही नाही.

करोनाकाळात पाव वाव पिच ऑनलाइन झाली. पहिल्या फेरीला छोटा व्हिडिओ पाठवायचा, एवढंच. उत्तरेकडच्या दूर वस्त्यांतल्या ज्यांना ओटावापर्यंतचं विमानभाडंच परवडणारं नव्हतं, त्यांनाही दार उघडलं. पुढच्या वर्षांत मोठं बक्षीस २५,००० डॉलरवर गेलं. ते रोख असतं, त्या बदल्यात कंपनीतला हिस्सा द्यावा लागत नाही. मला तर बक्षिसाच्या आकड्यापेक्षा ही अट जास्त महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे मोहाची उत्पादनं, वारली चित्रकला, बांबूकाम घेऊन आदिवासी तरुण-तरुणी आता अशा मंचांवर दिसू लागले आहेत. पालघर, नंदुरबार किंवा गडचिरोलीत अशी स्पर्धा भरवणाऱ्यांना विनंती एवढीच: परीक्षकांच्या निम्म्या खुर्च्या धंदा करून दाखवलेल्या आदिवासींना द्या, भिली-गोंडीत बोललेलं चालेल असं पत्रकावरच छापा, आणि जे जिंकले नाहीत त्यांना पुढच्या सहा महिन्यांत कर्जाच्या खिडकीपर्यंत नेणारा एक माणूस नेमा. हे जमणार नसेल तर बक्षिसाचे पैसे सरळ बचतगटाला द्या.