दिसलं नाही, म्हणून नाहीच का?

समजा, धाराशिवात आपल्यापैकी कुणी संगणकावर आर्च लिनक्स टाकलं. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, म्हणून ‘डिस्कव्हर’ या सॉफ्टवेअर सेंटरात नोटो फॉन्ट शोधला. सापडला नाही. मग आर्चकडं तो नाहीच, असं म्हणायचं का आपण?

भाट्ट मीमांसक अनुपलब्धीला प्रमाण मानतात, पण एका अटीवर: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, एवढ्यानं घडा नाही ठरत नाही, बघा. इथंही अंधारच आहे. डिस्कव्हर म्हणजे दर्शनी दुकान. आर्चचं गोदाम सांभाळतो पॅकमन. दोघांमधला दुभाषी पॅकेजकिट, तो आर्चवर आपोआप येत नाही. अद्ययावत करताना पॅकमन सूचना देतो, त्या आपण स्वतः वाचाव्यात, ही आर्चची रीत. रीत आम्हाला पटते. पण रिकाम्या फळीवर तसं लिहायला काय हरकत होती? टर्मिनलमध्ये पॅकमनला विचारा, नोटो फॉन्ट गोदामात आहे.