वाळवंटात निघाली जुनी गाडी!

बालमित्रांनो, कोरड्या वाळूत टाचेवर उभे राहून पाहा. टाच चटकन रुतते. आता पूर्ण पाऊल टेकवा. कमी रुतलं ना? वजन तेवढंच, पण ते जास्त जागेवर पसरलं. उंटाच्या पसरट पायांचं गुपितही हेच!

ऑस्ट्रेलियातल्या सिम्पसन वाळवंटात वाळूच्या ११००हून अधिक टेकड्या ओळीने पसरल्या आहेत. १९६२ साली भूवैज्ञानिक रेग स्प्रिग यांनी पत्नी आणि दोन मुलांसह, निसान पॅट्रोल गाडीतून हे वाळवंट ओलांडलं. मोटारीने ते पहिल्यांदाच ओलांडलं गेलं!

आज कितीतरी कुटुंबं घरची जुनी जीपगाडी तयार करून तिथे जातात. आधी रेडिएटर, रबरी नळ्या आणि पट्टे तपासतात, कारण जुनं रबर उन्हात दगा देतं. सामानाच्या ओझ्यासाठी दणकट स्प्रिंगा बसवतात. इंजिनाने धूळ ओढू नये म्हणून हवेची नळी टपापर्यंत उंच नेतात. पुढे उंच काठीवर झेंडा लावतात, म्हणजे टेकडीपलीकडून येणाऱ्याला गाडी आधीच दिसते.

पण सर्वांत मोठी युक्ती फुकटची! टायरमधली हवा ३५ पौंडांवरून १८च्या आसपास आणायची. टायर पसरतो, गाडी कमी रुतते. डांबरी रस्ता लागला की हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापून फुटेल.

आणि गाडी बंदच पडली तर? पायी निघायचं नाही. गाडी सावली देते, शिवाय शोधणाऱ्या विमानाला माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. म्हणून इतर सामान कमी, पण पाणी भरपूर घ्यायचं!