पान्ह्याचं रसायन आणि रीलवरचं बोट

दसरा-दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातली डोंगरपट्ट्यातली गावं निम्मीशिम्मी रिकामी होतात. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर. मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि थेट कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. इथे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. अंगावरचं लेकरू आईबरोबर फडावर जातं; शाळेतलं मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतं. पुढचे पाच-सहा महिने आई-बाप आणि मूल यांना जोडतो तो मोबाइल. रात्री फडावरच्या कोपीतून, म्हणजे झोपडीतून, व्हिडिओ कॉल येतो, "जेवलास का?" एवढंच विचारायला.

हीच मुलं अठरा-वीस वर्षांची होतात आणि त्याच पडद्यावर आपलं जग मांडतात. एकजण रील टाकून दर पाच मिनिटांनी लाइक मोजतो. त्याचाच सख्खा भाऊ महिनोन् महिने काही टाकत नाही, नुसता बघत राहतो. घर एक, फोन सारखाच, मग हा फरक येतो कुठून? या साध्या प्रश्नाचा माग काढत गेलं की आपण माणसाच्या सगळ्यात जुन्या गरजेपाशी पोचतो.

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी ती गरज ओळखली. बाळ आईला बिलगतं ते केवळ दुधासाठी नाही. संकटात कुणाच्या तरी जवळ असणं हीच त्याची जगण्याची तजवीज आहे, असं त्यांनी मांडलं. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ १९५४ मध्ये युगांडात गेल्या आणि कंपालाजवळच्या खेड्यांत माय-लेकरांचं निरीक्षण करत बसल्या. हाकेला ओ देणारी आई जवळ असली की बाळ निर्धास्त रांगत दूर जातं, जग चाचपून परत येतं, हे त्यांनी टिपलं. ज्याला ओ मिळेल की नाही याची खात्री नसते, ते आईला सोडायलाच तयार नसतं. काही बाळं तर हाक मारणंच आवरतं घेतात. आणि ही ओढ एकट्या आईपुरती नसते. आजी, बाप, मोठी बहीण यांच्याशीही ती तशीच जुळते.

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी दाखवलं की हेच साचे मोठेपणीच्या प्रेमातही दिसतात. आज ते पडद्यावरही दिसतात. नात्यात सतत धास्ती वाटणारे तरुण मन खचलं की सोशल मीडियाकडे अधिक धावतात आणि इतरांच्या प्रतिसादाने चटकन फुलतात वा कोमेजतात. जवळीक टाळणारे तिथेही हात राखून वागतात. म्हणजे रात्री दोन वाजता स्क्रीन खाली ओढणारं बोट नकळत तीच जुनी हाक मारत असतं.

आता शरीराच्या आत पाहू. बाळ छातीशी आलं की आईला पान्हा फुटतो, तो ऑक्सिटोसिनमुळे. अवघ्या नऊ अमिनो आम्लांची ही साखळी व्हिन्सेंट डू विग्नो यांनी प्रयोगशाळेत घडवली आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. मेंदूत हेच रसायन माणसांच्या जवळिकीत भाग घेतं. ते पेशीवरच्या ज्या ग्राहीवर (रिसेप्टरवर) जाऊन बसतं, त्याचं जनुक आपल्या तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. तीनशे कोटी अक्षरांच्या जनुकसंचात या जनुकातलं एखादंच अक्षर तुमच्यात आणि माझ्यात वेगळं असू शकतं. २०२० मध्ये इटली आणि सिंगापूरच्या संशोधकांनी तरुणांच्या या जनुकातली अक्षरं वाचली, लहानपणी आई-वडिलांनी कसं सांभाळलं ते विचारलं आणि त्यांच्या इन्स्टाग्राम खात्यांवरचे आकडे तपासले. जनुक आणि संगोपन या दोन्हींची सांगड तिथल्या वागण्याशी जुळताना दिसली.

अर्थात तो गट लहान होता, आणि एकच जनुक कुणाचं वागणं ठरवत नाही. असंख्य जनुकं मिळून किंचित किंचित ढकलतात. त्या सगळ्यांचा मिळून वाटा मोजायचा तर जुळ्यांकडे जावं लागतं. ब्रिटनमधल्या सोळा वर्षांच्या सुमारे ८,५०० जुळ्या मुलांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. फेसबुकच्या वापरात मुलामुलांत जो फरक होता, त्यातला सुमारे २४ टक्के जनुकीय फरकांशी निगडित निघाला. ऑनलाइन खेळांच्या बाबतीत ३९ टक्के.

त्याहून थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. वर्षाच्या आतबाहेरच्या जुळ्यांत आईशी असलेली ओढ तपासली, तेव्हा जनुकांचा वाटा जवळपास सापडलाच नाही. सगळा भर भोवतालावर. पण पंधराव्या वर्षी, लंडनच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवल्याप्रमाणे, तोच वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास पोचलेला होता. जनुकं जन्मापासून सोबत असतात, पण या बाबतीत त्यांचा आवाज वयाबरोबर चढत जातो!

फडावर कोयता चालवणाऱ्याला ही गुंतागुंत नवी नाही. ८६०३२ या उसाच्या वाणाचं बेणं कांडीपासून लावतात, म्हणून अख्ख्या रानातला ऊस जनुकांनी एकच असतो. तरी पाटालगतच्या सरीत तो मनगटाएवढा होतो आणि टोकाला, जिथे पाणी पोचत नाही, तिथे बारीक राहतो. माणसात तर बेणंही वेगळं आणि पाणीही वेगळं.

जनुकांच्या अक्षरांवर आपला हात चालत नाही. हाकेला ओ देण्यावर चालतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने राज्याने वसतिगृह योजना आणली आहे. अशा प्रत्येक ठिकाणी खाट, ताट आणि अभ्यास यांच्या बरोबरीने मुलाला नावाने ओळखणारं, दरवर्षी न बदलणारं एक माणूस हवं, आणि आई-बापांच्या कॉलची ठरलेली वेळ हवी. ओढीचा साचा दगडात कोरलेला नसतो. भरवशाचं माणूस पुढे कधीही भेटलं, मग ते शिक्षक असो, मित्र असो वा जोडीदार, तर धास्तावलेलं मनही निर्धास्त होऊ शकतं. विसाव्या वर्षातला तो लाइक मोजणारा पोरगाही याला अपवाद नाही.