तिकडे सकाळ, रामघाटावर संध्याकाळ

परदेशात शिकणाऱ्या मुलांचा वीकेंड म्हणजे नुसती मजा, असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात शनिवारी आठवड्याचे कपडे धुवायचे, वरण-भात करून डबे भरून ठेवायचे आणि रविवारी असाइनमेंट. अमेरिकेत कॉलेज चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं, त्यामुळे बाहेर जेवायचं तरी आधी हिशोब.

आमचं घर उज्जैनचं. महाकालाचं मंदिर 18व्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी पुन्हा उभारलं. शिंदेशाहीत इथे मराठी घरं रुजली. आता त्याच घरांतली मुलं आणखी लांब गेली आहेत.

उन्हाळ्यात न्यूयॉर्कला शनिवारी सकाळचे साडेनऊ होतात, तेव्हा उज्जैनला संध्याकाळचे सात. आजी रामघाटावरून क्षिप्रेची आरती व्हिडिओ कॉलवर दाखवते आणि विचारते, "मजेत ना रे?" नातू म्हणतो, "हो आजी." फोन संपतो, खोली पुन्हा शांत.

तुमचा भाऊ किंवा बहीण बाहेर शिकत असेल, तर एवढंच करा. "मजेत ना?" ऐवजी विचारा, "आज जेवायला काय केलंस? कोणाबरोबर जेवलास?" याला नुसतं "हो" म्हणून चालत नाही. खरं बोलणं तिथूनच सुरू होतं.